डावा कोपरा अजून माझाच

१ जानेवारी १९९९, शुक्रवार. सकाळी ६.१०

कंपनीने यंदा डायरी बरी दिली आहे. रेक्झिनचं कव्हर, आत रेशमी फीत. गेल्या वर्षीची नूतनने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली, म्हणून ही कुलपात ठेवणार. बायको कितीही चांगली असली तरी टेबल डुगडुगतंच.

रेकॉर्डसाठी थोडी माहिती. नाव सयाजी. खातं पॅकिंग, हुद्दा हेल्पर. पॅकिंग खातं कंपनीत नेमकं कुठल्या बाजूला आहे ते मला चौदा वर्षांत कळलेलं नाही, कारण मला घेतलंय कबड्डीसाठी. डावा कोपरा. कंपनीच्या रजिस्टरला वय बत्तीस. खरं सदतीस, पण ते आईला आणि मलाच ठाऊक, आणि आई आता नाही.

मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. तिथे ना कोच, ना मैदान. बोकड पकडत शिकलो. उधळलेल्या बोकडाचं शिंग धरलं तर तो तुम्हालाच ओढत नेतो. मागचा पाय घोट्याशी धरला की खेळ खलास. हेच मी पुढे माणसांना लावलं. जिल्ह्यातले निम्मे चढाईवाले माझ्या हातून बोकडासारखे आडवे झालेत.

दुसरी देणगी कानांची. चढाईवाला एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत अंगावर येतो. दम संपत आला की त्या आवाजाच्या तळाशी बारीक खरखर लागते, रॉकेल संपत आलेल्या स्टोव्हसारखी. ती मला ऐकू येते, बाकी कोणाला नाही. माझ्या उजव्या हातात जलीलचा डावा हात असतो. खरखर ऐकली की मी तो एकदा दाबतो. बस्स. मी घोट्याला, जलील कमरेला. चौदा वर्षं हेच. मी दाबल्याशिवाय तो हलत नाही, आणि दाबल्यावर थांबत नाही.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला दासगावपर्यंत पळणे. वजन चौऱ्याऐंशीवरून एकोणऐंशी, कारण काटा ऐंशीच्या वर गेला की स्पर्धेत उतरू देत नाहीत. भजी बंद. उजव्या गुडघ्याबद्दल कोणाशी चकार शब्द नाही. डॉक्टरशी तर नाहीच. डॉक्टर लोक नको ते शोधून काढतात.

आज पळालो नाही. एक तारखेला माणसाने प्लॅनिंग करावं.

२ जानेवारी, शनिवार

धुकं. नदीकडचा रस्ता दिसत नव्हता. शिवाय शनिवारी सुरू केलेलं काम लांबत जातं म्हणतात. सोमवारपासून नक्की.

४ जानेवारी, सोमवार

पळालो. दासगाव गाठलं. मधे थोडं चाललो, पण झपझप. परत येताना वीर स्टेशनहून पॅसेंजर भरून रिक्षा आली, तिच्यात बसलो. संकल्पात ‘दासगावपर्यंत’ एवढंच आहे, परतीचा उल्लेख नाही. रिक्षावाला ओळखीचा. म्हणतो, सयाभाऊ, एवढ्या सकाळी कोणाला गाडीवर सोडाया गेलता? म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे. तर म्हणे, मग ते ट्रेनिंग जरा सरकवून घ्या, निम्म्या शिटेवर आलंय. मागच्या बायका हसल्या. मीही हसलो. खेळाडूने हसतमुख असावं.

संध्याकाळी गुडघा सुजला. थंडीने सुजतो.

९ जानेवारी, शनिवार

प्रॅक्टिसनंतर आमचे कोच धोंडू सर यांनी सगळ्यांना गोल बसवलं. फेब्रुवारीत महाडला कंपन्यांची जिल्हा स्पर्धा आहे. ती झाली की पुढच्या दोन वर्षांची टीम ठरणार. मॅनेजमेंटचं म्हणणं, यादीत असेल तो खेळेल, नसेल त्याने आपापल्या खात्यात कामाला जावं. सर हे बोलत असताना सगळे माझ्याकडे का बघत होते कळलं नाही. अनुभवी माणसाकडे बघतातच.

सूरज नावाचा एक नवा आलाय, बिरवाडीचा. वय एकवीस. तोही डावा कोपराच खेळतो. पाच-सहा वर्षांत तयार होईल. मला वाकून नमस्कार केला. तिथपर्यंत ठीक होतं. मग काका म्हणाला.

१२ जानेवारी, मंगळवार

जलीलबद्दल लिहायचं राहिलं होतं. तो महाडचाच. आम्ही एकाच दिवशी कंपनीत लागलो. तोही खेळासाठीच, पण त्या वेड्याने मधल्या सुट्टीत फोर्कलिफ्ट शिकून घेतली. मी म्हणायचो, कशाला ही हमाली? आज कळलं कशाला. त्याच्या मेहुण्याने कुवेतच्या बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी बघितली आहे. व्हिसा आलाय. दहा फेब्रुवारीला मुंबईला मेडिकल, मार्चअखेर विमान.

रोजा सोडताना त्याने हे सांगितलं. मैदानाच्या कडेला पाय पसरून खजूर खात होता. दिवसभर पाण्याचा घोट नाही, वर दीड तास प्रॅक्टिस. म्हणाला, सया, बस झालं रे. आता अंग बोलाया लागलंय. दोन पोरांची शिक्षणं हायत, तिकडं चार वर्षं काढली की घर तरी वर येईल.

मला दोन खजूर दिले. मी सात खाल्ले. धक्का बसला की मला भूक लागते.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

जलीलशी शांतपणे बोललो. मुद्दे तयार करून नेले होते. मेडिकल पंधरा दिवस पुढे ढकलता येतं, चौकशी केली आहे. चौदा वर्षांची जोडी ऐन स्पर्धेच्या तोंडावर मोडणं शोभत नाही. आणि नवीन जोडीदार महिन्याभरात तयार होत नाही, त्यात माझं काही नाही, टीमचं नुकसान आहे.

तो म्हणाला, तुझा गुडघा कसा हाय? मी म्हटलं, गुडघ्याचा इथे काय संबंध? म्हणाला, नाय, असंच विचारलं. मग म्हणाला, ठीक हाय, फेब्रुवारी खेळतो.

आपला मुद्दा पटवून देता येणं ही एक कला आहे.

तिळाचे लाडू चार. सणाचं वजन धरत नाहीत.

२० जानेवारी, बुधवार. ईद

जलीलकडे शीरखुर्मा, दोन वाट्या. त्याची बायको शरिफावहिनी एरवी माझी थट्टा केल्याशिवाय वाटी देत नाही. आज नुसती ठेवली. म्हणाली, खावा भावजी. पुढच्या ईदेला आम्ही कुठं, तुम्ही कुठं. मग आत जाऊन कोणाला तरी म्हणाली ते भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं: एकाचा गुडघा गेलाय, नि दुसऱ्याची अक्कल.

चांगल्या कानांचा कधीकधी त्रासच होतो. अर्थात, ती कोणाबद्दल बोलत होती हे खात्रीने सांगता येत नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

वाण्याच्या काट्यावर ब्याऐंशी. पण हा वाणी काटा मारतो हे सगळ्या महाडला ठाऊक आहे. कमी मालाला जास्त दाखवतो. म्हणजे मी खरा ऐंशीच्या आत असणार. पळणं त्यामुळे सध्या थांबवलं आहे. उगाच ताकद जायची.

प्रॅक्टिसमध्ये जलीलची एक नवीन खोड लक्षात आली. कमरेला मिठी मारली की तो गड्याला मुद्दाम आपल्या अंगावर पाडून घेतो, माझ्या बाजूला पडू देत नाही. टेक्निकली चूक आहे. त्याला सांगायला हवं.

१० फेब्रुवारी, बुधवार

आज जलीलचं मेडिकल असतं. पंचवीस तारखेवर ढकललं आहे. मी म्हटलं ना, ढकलता येतं.

नूतन रोज गुडघ्याला तेल चोळते. आज चोळता चोळता म्हणाली, अवो, ह्याला तेल नको, रजा पाहिजे. मी म्हटलं, फायनल झाली की देऊ. म्हणाली, गुडघ्याला कळतंय का फायनल कधी हाय ते? बायकांना खेळातलं कळत नाही. तरी परवापासून तेल जरा जास्त कोमट घेते.

१३ फेब्रुवारी, शनिवार

वजनाचा दिवस. काट्यावर ऐंशी किलो दोनशे ग्रॅम. अंगात फक्त चड्डी. केस काल कापून घेतले होते, सकाळपासून पाणी बंद, दोन तास घोंगडी पांघरून उन्हात बसलो होतो. तरी दोनशे ग्रॅम. मागून कोणीतरी म्हणालं, मिशा काढा, मिशा. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा रेकॉर्ड उतरवा, जुनंपानं वजन त्याचंच हाय.

काटेवाल्याने पाच मिनिटं दिली. अंगावर काढण्यासारखा फक्त करदोटा उरला होता. चांदीचा, बारशाचा. मी वाढत गेलो तशा आईने त्याला कड्या जोडत नेल्या. कमरेवरून कधी उतरला नव्हता. कडी गच्च बसलेली, जलीलने गुडघ्यावर बसून दातांनी उघडली. काटा ऐंशीवर. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. जलीलने करदोटा रुमालात बांधून आपल्या पिशवीत टाकला. म्हणाला, माझ्याजवळ राहू दे, नायतर मधल्या वेळेत घालशील नि फुगशील.

सेमीफायनल जिंकलो. माझ्या दोन पकडी. म्हणजे एक पूर्ण, आणि दुसरीत माझा हात होता.

उद्या संध्याकाळी पाचला फायनल. सूरजला सरांनी वॉर्म अप करायला सांगितलं आहे. त्याला अनुभव मिळावा म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

काल लिहिता आलं नाही.

हरलो. अठ्ठावीस-पंचवीस. मैदानाला पाणी नीट मारलेलं नव्हतं, वर धूळ, खाली दगड. पंच त्यांच्याच तालुक्यातला. उतरतं ऊन डाव्या कोपऱ्याच्या डोळ्यावर येत होतं, हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

जलीलचं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको.

शेवटची चार मिनिटं. दोन्हीकडे पंचवीस. त्यांचा पेणचा उंच गडी चढाईला आला आणि माझ्या कोपऱ्याकडे वळला. आत्ताच आलेला, त्याचा दम ताजा होता, खरखर अजिबात नव्हती. म्हणजे पकडीची वेळ नव्हतीच. मी उजवा पाय मागे घेतला. आणि जलील सुटला. एकटाच. कमरेला भिडला, गडी गर्रकन वळला, दोघं पडले, जलील खाली. मी जागेवर उभा होतो. मी इशाराच दिला नव्हता, मग मी का जावं?

हाडाचा आवाज मी सगळ्यांच्या आधी ऐकला. शिट्टीच्याही आधी. लहानसाच होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं आणि खांदा निसटला. डावा.

जलीलने घाई केली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. आता, पाय मागे घेताना माझा हात थोडा सरकला असेल. घाम होता. घामाने हात सरकतो. सरकणं वेगळं आणि दाबणं वेगळं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात जाऊन आलो. मोसंबी नेली होती. जलीलला एका हाताने सोलता येईना म्हणून मी सोलून दिली. तीन त्याने खाल्ली, तीन मी.

तो म्हणाला, सया, माफ कर रे. काय झालं मलाच कळलं नाय. वाटलं, तू दाबलास. माझी घाई झाली. माझ्यापायी फायनल गेली. आणि तुझी यादी...

मी म्हटलं, जाऊ दे रे. चूक माणसाच्याच हातून होते. मनात ठेवू नको.

मोठ्या मनाने माफ केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शरिफावहिनी पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं, सायकलस्टँड आहे.

निघताना जलीलने उशाखालून रुमाल काढला. करदोटा. म्हणाला, घाल, आता किती भरलास तरी चालेल.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मेडिकलची तारीख. गेला नाही. डॉक्टर म्हणतात, हाड तीन महिन्यांत जुळेल, खांद्याचं सांगता येत नाही. कुवेतवाले मार्चच्या पुढे थांबत नाहीत. मेहुण्याचा फोन आला होता, ती जागा केरळच्या कोणा माणसाला दिली.

माझं मत विचाराल तर एका परीने बरंच झालं. तिकडे पन्नास डिग्री ऊन. घर नाही, दार नाही, मच्छी धड मिळत नाही. इथे पावसाळ्यानंतर हात मोकळा झाला की पुन्हा आमची जोडी. वाईटातून चांगलं निघतं ते असं.

हे नूतनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा थापायला लागली, पण असा आवाज की शेजारची कोंबडी उठून गेली.

२ मार्च, मंगळवार. शिमगा

काल होळी लागली. होळीभोवती वर्षभराच्या उखाळ्यापाखाळ्या काढून बोंब मारायची, आणि कोणी रागवायचं नाही, ही आपली पद्धत. यंदा तरण्या लोकांनी जलीलवर जुळवलं होतं:

दम नाय तुटला, इशारा नाय झाला,
जलीलभाई उडी मारून कुवेतला गेला!

आणि मग बोंब. पुन्हा पुन्हा. मीही टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच नाही वाजवल्या तर लोक विचारणार ना, का नाही वाजवत म्हणून.

रस्त्यापलीकडे जलील उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. हसत होता तोही. शिमग्याला रागवायचं नसतं हे त्याला आपल्याइतकंच ठाऊक आहे. माझ्याकडे बघून चांगला हात वर केला.

होळीत भाजलेला नारळ आणला नाही घरी. कुठेतरी राहिला.

११ मार्च, गुरुवार

यादी लागली. डावा कोपरा: सूरज.

धोंडू सरांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. म्हणाले, सयाजीराव, तुम्ही पंधरा-वीस दिवस सूरजला तयार करा. तुमचं जे काही आहे ते त्याला द्या. एप्रिलपासून पॅकिंगला रिपोर्ट करा.

म्हणजे हे मार्गदर्शकाचं पद झालं. प्रमोशनच म्हणायचं, फक्त कागद निघायचा आहे. कोपरा कागदोपत्री सूरजचा, पण त्यात खेळणार माझंच डोकं. त्या हिशोबाने डावा कोपरा अजून माझाच.

जलीलचं नाव यादीत कुठेच नव्हतं. साहजिक आहे. तरी मी दोनदा वरून खाली वाचली.

२२ मार्च, सोमवार

सूरजचा क्लास. कानांचं शिकवलं, बोकडाचं सांगितलं. मग म्हटलं, आता इशारा. माझ्या उजवीला उभा रहा, हात दे, समोर गडी आहे असं समज.

उभे राहिलो. मी पाय मागे घेतला. तो पुढे झेपावला. म्हटलं, अरे, मी दाबला कुठे? म्हणाला, काका, दाबलात की. पुन्हा उभे राहिलो. पाय मागे घेतला. पुन्हा झेपावला. असं सहा वेळा. शेवटी त्याने माझा हात आपल्या दोन हातांत धरला आणि म्हणाला, काका, आता नुसता गुडघा वाकवा. वाकवला. म्हणाला, बघा. गुडघ्यातून कळ आली की तुमची मूठ आवळते. आवळते म्हणजे कशी, माझी बोटं मोडायची पाळी. तुम्हाला ठाऊक नाही का?

मी म्हटलं, आज जास्त दुखतोय. एरवी नसतं असं.

पोरगा बरा आहे. अजून कच्चा आहे.

२३ मार्च, मंगळवार

नूतनला सहज विचारलं, फायनलला तू कुठे बसली होतीस? म्हणाली, बायकांच्या कनातीत. तुमच्या बरोबर समोर.

तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, तुमचा हात बघितला मी. जलीलभावजींची बोटं पांढरी पडली होती.

म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

तर म्हणाली, तुम्हाला ठाऊक नव्हतं व्हय?

गुडघा आज बराच हलका वाटतो.

५ एप्रिल, सोमवार

पॅकिंग खातं सापडलं. कँटीनच्या मागे, पत्र्याची शेड. चौदा वर्षं ज्या भिंतीला टेकून चहा प्यायलो तिच्याच पलीकडे. सुपरवायझर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तुमचं नाव दर महिन्याला हजेरीत बघतो, मला वाटायचं तुम्ही वारलात आणि ऑफिसला कोणी कळवलं नाही. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने.

ड्रमची झाकणं आवळायची. उभं राहून. संध्याकाळपर्यंत अंगावर पिवळी पूड.

जलील कामावर आला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही, फोर्कलिफ्टवर बसवत नाहीत. त्याला मेन गेटवर ठेवलंय. ट्रकचे नंबर लिहायचे, दांडी वर-खाली करायची, आणि कामगार आला की त्याच्यापुढे वही करायची. मला बघून म्हणाला, ये रे सया, आता दोघं पण खात्याला लागलो. पुन्हा म्हणाला, माझ्यापायी तुला ही झाकणं आवळाया लागली. मी म्हटलं, असू दे.

असू दे म्हटलं मी.

ठरवलं आहे. त्याला सांगायचं. या आठवड्यात.

१२ एप्रिल, सोमवार

मागचा आठवडा घाईत गेला. आज सांगणार होतो. गेटवर गर्दी होती. अशा गोष्टी निवांत सांगायच्या असतात.

१९ एप्रिल, सोमवार

आज गर्दी नव्हती. जलील एकटाच होता, निवांत. इतका निवांत की त्याला कशाला त्रास द्यावा असं वाटलं. शिवाय आता सांगून खांदा वर जाणार आहे का? प्रॅक्टिकल विचार करायला हवा.

चहाच्या टपरीवर दोन माणसं बोलत होती, पाठमोरी. एक म्हणाला, तो गेटवरचा जलील, चांगला गडी होता, एका घाईने वाट लावली, स्वतःची नि त्या सयाजीची पण. दुसरा म्हणाला, सयाजीचं मन मोठं, अजून त्याच्याशी बोलतो.

चहा तसाच ठेवून आलो. कान बंद करता येत असते तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटलं.

२५ एप्रिल, रविवार

पाचाडला एकाच्या लग्नाला गेलो होतो. भजी होती. खाल्ली नाहीत. वजन कोणी करत नाही आता.

शरिफावहिनी बाजारात भेटली. तिने थोरल्या शोएबला कॉलेज सोडायला लावलंय, मेडिकलच्या दुकानात लागला आहे. मी म्हटलं, वहिनी, हुशार पोरगा आहे, शिकू द्यायचा. ती म्हणाली, बापाने घाई केली ना भावजी. मग पोराला पण करावी लागते.

उद्या.

३ मे, सोमवार

सांगितलं.

सकाळी आठला पाच कमी असताना गेटवर. एक ट्रक आत यायला थांबला होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. जलील त्याचा नंबर वहीत उतरवत होता. मी भाषण तयार केलं होतं, घामापासून सुरुवात होती. तोंडातून एवढंच निघालं: जलील, हात मीच दाबला होता. कळ आली गुडघ्यात. तुझी घाई नव्हती.

त्याने नंबर पूर्ण लिहिला. पेनाला टोपण घातलं. मग विचारलं, कधी कळलं तुला?

मी म्हणणार होतो, मार्चमध्ये. सूरजमुळे. तोंडातून निघालं, तेव्हाच.

ट्रकवाला सारखा हॉर्न मारत होता. मग जलील म्हणाला, मी शरिफाची माफी मागितली. पोरांची मागितली. कोचची मागितली. तुझी पण मागितली. तू दिलीस.

मग उठला आणि उजव्या हाताने दांडी वर केली. ट्रक आत गेला. ट्रकबरोबर मीही आत गेलो.

दिवसभर झाकणं आवळली. वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही नसतं.

४ मे, मंगळवार

मुद्दाम लवकर गेलो. गेटवर दोघंच होतो. म्हटलं, जलील.

त्याने वही फिरवून माझ्यापुढे केली. पेन वर ठेवलं. म्हणाला, वेळ घाला.

सात चाळीस.